शंभर टक्क्यांची ढाल

"एवढी सही करून द्या," सबनीस म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "खाली, तुमच्या नावावर."

मी पेनाचं टोपण काढलं. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं होतं. डेअरीत प्रशिक्षण प्रमुख म्हणून मला तीन वर्षं झाली होती आणि प्लांटच्या साहेबाला माझ्याकडून काही हवं असायची ती पहिलीच वेळ. एरवी प्रशिक्षण म्हणजे कँटीनमध्ये पंखे लावून बसायचं आणि शेवटी वडा-चहा, एवढीच आमच्या विभागाची ख्याती होती.

कागदावर चार ओळी होत्या. आदगोंडा मगदूम, साठवण विभाग, सेवा सत्तावीस वर्षे. यांनी नव्या यंत्रणेच्या प्रशिक्षणाचे चौदाही भाग शंभर टक्के पूर्ण केले आहेत. इशारा आल्यावर काय करायचे याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

"मगदूम अण्णांना काढणार?" मी विचारलं.

"शुक्रवारी अकराला चौकशी आहे. माणसाला शिकवलंच नव्हतं, असं युनियन म्हणणार. तुमचा कागद असला की तो मुद्दाच संपला."

रविवारचं प्रकरण तोपर्यंत सगळ्या सांगलीला कळलं होतं. गावोगावच्या केंद्रांवरून येणारं दूध आधी बर्फाच्या पाण्याने गार करायचं आणि मग टाकीत सोडायचं, अशी आमची रीत. रविवारी दुपारी बर्फाच्या पाण्याचा पंप बंद पडला. टाकीशेजारच्या नव्या पडद्यावर लाल पट्टी आली, की तीन नंबरच्या टाकीचं तापमान वाढतंय. पाळीवर मगदूम अण्णा होते. त्यांनी पट्टी बंद केली आणि कोमट दूध तसंच टाकीत जात राहिलं. संध्याकाळी सातला लॅबच्या रुक्साना मुल्लाने नळीत थोडं दूध उकळून पाहिलं, तर ते फाटलं. नऊ हजार लिटर दूध सांडपाण्यात सोडावं लागलं.

"आणि हे तुमच्याही फायद्याचं आहे, खराडे मॅडम," सबनीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता. सहा महिन्यांपूर्वी मुंबईच्या कंपनीने डेअरी विकत घेतली, तेव्हा त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडालेलीच दिसायची. "या महिन्यात मुंबईत ठरणार आहे कुठले विभाग ठेवायचे. प्रशिक्षण विभाग कशाला पाहिजे, असं मला तिथे सरळ विचारतात. मी काय पुढे करतो माहितीय? तुमची ढाल."

बक्षिसाची ती ढाल माझ्या खोलीतल्या भिंतीवर होती. एकशे त्रेचाळीस कामगार, चौदा भाग, शंभर टक्के पूर्ण. कंपनीच्या अकरा प्लांटमध्ये आमचा पहिला नंबर. रोज सकाळी मी ती पदराने पुसायचे, हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी सही करणारच होते. पण कागदाला मागे एक यादी जोडलेली होती, कुठल्या भागाला किती वेळ लागला त्याची. नववा भाग, साठवण टाकीचे इशारे. मगदूम, दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्या भागातली नुसती फिल्म अकरा मिनिटांची होती. तीन रविवार घालवून मी स्वतः ती तयार केली होती.

"उद्या देते," मी म्हणाले.

"खराडे मॅडम, यात उद्या काय आहे?"

"वाचून देते, साहेब."

* * *

चौकशी होईपर्यंत अण्णांना टाकीवरून काढून क्रेट धुवायला लावलं होतं. सत्तावीस वर्षं टाकीवर काढलेला माणूस गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून साबणाच्या पाण्यात उभा होता. उंच, वाळका देह, कपाळावर नेहमीचा गंधाचा ठिपका. मला बघून त्यांनी पाण्याचा नळ बंद केला.

"अण्णा, तुमच्या नावावर नववा भाग दुसऱ्या कुणी केला का? खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

"न्हाई वो मॅडम. मीच केला. तुमच्यासमोरच केला की कँटीनात."

"मग अडीच मिनिटांत कसा झाला?"

"झाला खरा."

"आणि रविवारी लाल पट्टी आली, तेव्हा काय केलंत?"

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

"काय चुकलं?"

"चुकलं म्हंजे चुकलं. माझ्या हातानं दूध गेलं. लोकांच्या गोठ्यातलं दूध ते." त्यांनी एक क्रेट उचलला, पालथा केला, पुन्हा ठेवला. "पोरीचं लगीन हाय वो मे महिन्यात. न्हाईतर मी सोताच राजीनामा दिला असता. तुम्ही त्यात पडू नका, मॅडम. जावा तुम्ही, साडीला पाणी लागतंय."

मला रागच आला. मी वाचवायला आले होते आणि हा माणूस मला साडी सांभाळायला सांगत होता. मी तिथून निघाले ती थेट लॅबमध्ये गेले.

रुक्साना डेअरीत माझ्याहून जुनी. तोंडाने फटकळ आणि हाताने चोख. मी सगळं सांगितलं तरी ती नळ्या धूतच राहिली.

"माणूस काहीतरी लपवतोय," मी म्हणाले.

"लपवतोयच."

"तुला माहितीय काय ते?"

"मला इचारू नका मॅडम. तुमाला शिकवायचा पगार मिळतोय न्हवं? जरा शिकून बघा."

तिच्या बोलण्यातला टोमणा कळला, पण त्याचा रोख कळला नाही. बाकीचे इशारा आल्यावर काय करतात ते तरी बघावं, म्हणून मी इलेक्ट्रिकलच्या माणसाला गाठलं आणि टाकीच्या पडद्यावर खोटा इशारा पाठवता येईल का, विचारलं. येत होता. साठवण विभागात अण्णांना सोडून पाच माणसं होती. बुधवारी दोन्ही पाळ्यांना मी कोपऱ्यात स्टूल टाकून बसले आणि एकेकाच्या वेळी लाल पट्टी पाठवली.

पहिल्याने हिरवं बटण दाबलं. पट्टी गेली. तो पुन्हा मोबाईलवर क्रिकेट बघायला लागला.

दुसऱ्याने दाबलं. तिसऱ्याने हातातला चहाचा कप न ठेवता दाबलं. चौथ्याने दाबलं आणि माझ्याकडे बघून हसला, आपण किती चटकन काम करतो ते मॅडमनी पाहिलं म्हणून.

पाचवा सुकुमार आवटी, पंचवीस-सव्वीसचा, डिप्लोमा झालेला. त्यानेही दाबलं.

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. "सुकुमार, काय लिहिलं होतं त्या पट्टीवर?"

"कुठल्या, मॅडम?"

"आत्ता आली त्या."

तो गोंधळला. "काहीतरी आलं होतं. मी हिरवं दाबलं."

"न वाचता? असं कुणी शिकवलं तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग शेजारी उभ्या असलेल्या रुक्सानाकडे पाहिलं. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, मला कळलंही नव्हतं.

"सांग की," रुक्साना म्हणाली. "शेवटी इचारलं त्यांनी."

"तुम्हीच, मॅडम," सुकुमार म्हणाला.

आणि मला माझाच आवाज ऐकू आला. कँटीनची लांब टेबलं, बारा नवे टॅब, आणि त्यांच्याकडे बघत हात मागे बांधून उभी असलेली माणसं. त्यांची बोटं पाण्याने आणि सोड्याने इतकी राठ झालेली, की पडद्याला ती कळायचीच नाहीत. काही बिघडलं तर पगारातून कापतील, अशी सगळ्यांना धास्ती. मी प्रत्येकाच्या खांद्याशी वाकून सांगत होते, प्रेमाने, एकशे त्रेचाळीस वेळा: "अजिबात घाबरायचं नाही. काहीही आलं तरी खालचं हिरवं बटण दाबायचं आणि पुढे जायचं." फिल्म मध्येच तोडून पुढे जाता येतं, हे त्यांना दुसऱ्याच भागात कळलं असणार. मी बघत होते ते फक्त कोपऱ्यातला आकडा शंभर झाला की नाही तेवढं. आणि टाकीच्या पडद्यावरचं हिरवं बटण टॅबवरच्या बटणासारखंच होतं, त्याच जागी. माणसांना ओळखीचं वाटावं म्हणून ते तसं करून घ्यायला मीच सांगितलं होतं.

"अण्णांना हे ठाऊक आहे?" मी विचारलं.

"त्यांनीच तर सगळ्यांना दम दिलाय," रुक्साना म्हणाली. "मॅडमचं नाव कुणी काडायचं न्हाई म्हणून."

* * *

गुरुवारी सकाळी मी पुन्हा क्रेटपाशी गेले. या वेळी साडीचा विचार केला नाही.

"अण्णा, का नाही सांगितलंत?"

अण्णांनी हातातला क्रेट खाली ठेवला. "काय सांगायचं? मॅडमनी सांगितलं म्हणून दाबलं? मी काय बारका हाय? सत्तावीस वर्सं टाकीवर हाय. दर तासाला काटा बघून वहीत लिवत होतो. व्हॉल्व्हला हात लावून बघत होतो, घाम हाय का न्हाई. एक तारखेपासनं वही बंद केली, सगळं पडद्यावर म्हनाले, तवा मला बोलाय पायजे हुतं. बोललो न्हाई. म्हातारं झालोय, कळत न्हाई म्हनतील, म्हनून भ्यालो."

"पण माझी चूक तुम्ही अंगावर का घेताय?"

"तुमचं डिपार्टमेंट बंद करणार हाईत म्हनत्यात."

"म्हणून?"

"तुम्ही एकल्याच आलता आमच्याकडं," अण्णा म्हणाले. "कंपनी बदलली, निम्मी माणसं काढणार म्हनून आवई हुती. एक सायेब येऊन बोलला न्हाई. तुम्ही आला. माझा हात धरून बोट कसं ठेवायचं ते दाखवलं. चांगल्यापायीच केलं न्हवं तुम्ही? मग तुमचं वाईट कशाला करायचं."

मी क्रेटच्या थप्पीचा आधार घेऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि लाज वाटत होती, दोन्ही एकदम. ढालीवर ज्यांची टक्केवारी होती त्यांतला एक माणूस माझी नोकरी वाचवायला स्वतःची घालवत होता आणि मी तीन दिवस त्याच्यावर चिडले होते.

सही केली तर माझा विभाग राहणार होता आणि अण्णा जाणार होते. खरं सांगितलं तर बहुधा दोघेही जाणार होतो. घरी नवरा म्हणाला, "तुला विचारलंय तेवढंच लिही. भाग पूर्ण केले की नाही? केले." तो चुकीचं बोलत नव्हता. कागदावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं, त्याचीच तर मला धास्ती वाटत होती.

* * *

शुक्रवारी अकराला सबनीसांच्या केबिनमध्ये आम्ही चौघे बसलो. सबनीस, मी, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेले अण्णा आणि भिंतीवरच्या पडद्यावर मुंबईच्या कामत मॅडम. युनियनच्या माणसाला अण्णांनीच येऊ नको म्हटलं होतं. कुठला विभाग ठेवायचा हे त्यांच्याच हातात आहे, असं सगळे म्हणायचे.

"मगदूम, तुम्हाला काही सांगायचंय?" कामत मॅडमनी विचारलं.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

"खराडे, तुमचा दाखला?"

"मी सही केलेली नाही, मॅडम. अण्णांचं चुकलं नाही. माझं चुकलं."

"मॅडम, कशाला वो..." अण्णा पुटपुटले.

मी थांबले असते तर पुन्हा सुरुवात करता आली नसती, म्हणून एका दमात सगळं सांगितलं. बुधवारचा प्रयोग, पाचच्या पाच जणांनी दाबलेलं बटण आणि माझं ते प्रेमळ वाक्य.

"पण तुमच्या अहवालात शंभर टक्के होतं," कामत मॅडम म्हणाल्या. "ते खोटं होतं?"

"खरं होतं. शंभर टक्के लोकांनी भाग संपवले. चौदा भागांत मी त्यांच्याकडून हिरवं बटण कितीतरी वेळा दाबून घेतलं. मी शिकवलं तेवढं सगळे अगदी पक्कं शिकले."

सबनीस खुर्चीत पुढे सरकले. "असं कसं म्हणता, खराडे मॅडम? माणसाने वाचायला नको? समोर लाल पट्टी दिसतेय, शहाणा माणूस एकदा तरी वाचेल ना?"

हे मी बोलणार नव्हते. देवाशप्पथ बोलणार नव्हते. पण सगळ्यांची यादी माझ्या मांडीवरच होती आणि ते चौदा भाग साहेब लोकांनाही करावे लागले होते.

"साहेब, तुमचेही चौदा भाग शंभर टक्के आहेत. एकूण एकोणीस मिनिटं. टाकीचे इशारे, पन्नास सेकंद."

सबनीसांचे कान लाल झाले. आता संपलं, मी मनात म्हणाले, दोघांचंही.

"माझे किती?" पडद्यावरून कामत मॅडमनी विचारलं.

मी यादीत बघितलं. बघायची गरज नव्हती, पण बघितलं. "सतरा मिनिटं, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. पण चष्मा काढून त्यांनी तो उगाचच पुसला. "बरं. मग आता काय करायचं म्हणता?"

याचं उत्तर मी गुरुवारी रात्रीच लिहून ठेवलं होतं. अर्धं पान होतं. पट्टी बंद करण्याआधी टाकीवरचा काटा बघून आकडा टाकावा लागेल, असा बदल पडद्यात करून घ्यायचा. तोवर तासाची वही पुन्हा सुरू करायची. आणि शिकवायचं ते कँटीनमध्ये नाही, टाकीपाशी उभं राहून. "शिकवायला मगदूम अण्णा पाहिजेत," मी म्हणाले. "मला ते काम येत नाही."

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर अण्णा आणि मी पाऊण तास बसलो. रुक्साना लॅबमधून दोनदा काहीतरी निमित्त काढून येऊन गेली. तिसऱ्यांदा तिने काही न विचारता चहा आणून ठेवला. अण्णा नुसते हाताची घडी घालून समोर बघत होते. एकदा म्हणाले, "पत्रिका छापाय टाकल्यात."

दार उघडलं. सबनीस बाहेर आले, आमच्या दोघांकडे न बघता भिंतीकडे बघत म्हणाले, "मगदूम, सोमवारपासून टाकीवर. आणि खराडे मॅडम बोलवतील तेव्हा शिकवायचं."

अण्णा उठले, पुन्हा बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ हात तोंडावरच ठेवले. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला. त्याचा आवाज मला ऐकू आला असं मी आजही सांगते.

"आणि तुमचा विभाग," सबनीस मला म्हणाले, "सहा महिने बघू म्हणाल्यात. पण ती ढाल काढा भिंतीवरून."

"कालच काढली, साहेब."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "मला नववा भाग परत करायचाय," ते हळूच म्हणाले. "कधी येऊ?"

* * *

पडद्यात बदल व्हायला पाच आठवडे लागले. मधल्या दिवसांत अण्णांचा वर्ग तीन नंबरच्या टाकीपाशी भरायचा. पहिल्या दिवशी साठवणची पाच माणसं, रुक्साना, सबनीस आणि मी, असे आठ जण अर्धवर्तुळ करून उभे राहिलो. अण्णांच्या हातात लाल बांधणीची नवी कोरी वही होती. आधी त्यांनी प्रत्येकाला बर्फाच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावायला लावला.

"काय लागलं हाताला?"

"ओलं," सबनीस म्हणाले.

"घाम हाय तो. घाम हाय तवर दूध गार. व्हॉल्व्ह कोरडा पडला की पंप बघाय पळायचं. आता पडदा. लाल पट्टी आली की पैल्यांदा हात मागं. असा." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, कँटीनमध्ये पहिल्या दिवशी बांधले होते तसेच. "मग टाकीचा काटा बघायचा. मग वहीत लिवायचं. मग पडद्याला बोट. कळलं का सगळ्यांना?"

"कळलं," आम्ही म्हणालो.

"या मॅडम. तुमच्यापासनं सुरू करू."

मी पडद्यासमोर उभी राहिले. इलेक्ट्रिकलच्या माणसाने खोटा इशारा सोडला. लाल पट्टी आली.

मी हिरवं बटण दाबलं.

खरंच सांगते, विचार करायच्या आधी बोट गेलं होतं. एकशे त्रेचाळीस जणांना शिकवताना मी स्वतःही पक्कं शिकले होते. रुक्साना फिसकन हसली, मग सुकुमार, मग सगळेच. सबनीस तर टाकीला टेकून हसले. सहा महिन्यांत त्या माणसाला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी वही उघडली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि शाळेतल्या मास्तरांसारख्या ठळक अक्षरांत, एकेक अक्षर जुळवत लिहिलं. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली.

त्याला आता नऊ वर्षं झाली. अण्णा निवृत्त झाले, त्यांच्या मुलीचा मुलगा शाळेत जायला लागला. मी दुसऱ्या कंपनीत आहे, माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत. अण्णांनी निवृत्त होताना ते पहिलं पान फाडून मला दिलं. मी ते काचेत घालून भिंतीवर लावलंय, ढाल असायची त्या उंचीवर. त्यावर लिहिलंय:

"खराडे मॅडम. नापास. उद्या परत बोलवणे."